गाण्यातली आणि चित्रांतली मोकळी जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी स्वराज्य, समाजसुधारणा, शेती, शास्त्र अशा भारदस्त विषयांनी गाजत आल्या आहेत. त्या पंगतीत 'आम्हांला सध्या आवडणारी काही गाणी आणि एका चित्रमालिकेवरचा चित्रपट' हे पान म्हणजे श्रीखंडाच्या वाटीशेजारी कुणी चिंचा-बोरे वाढावीत, असे वाटण्याचा संभव आहे. पण चिंचा-बोरांसाठी लहानपणी आपण जेवढे दगड मारले, तेवढे श्रीखंडासाठी कधी मारले नाहीत, हेही खरेच. माणूस कामाच्या वेळी काय करतो यावरून त्याचे पोट कळते. फावल्या वेळी काय ऐकतो आणि काय पाहतो यावरून तो माणूस कळतो. म्हणून हा विषय आम्हांला हलका वाटत नाही.

प्रथम गाण्यांकडे वळू. मराठी बोलपटाचा जन्म १९३२ सालचा. 'अयोध्येचा राजा' हा तो पहिला बोलपट. तेव्हापासून गाणे म्हटले की चित्रपट, असे समीकरण आपल्या मनात बसून गेले आहे. परंतु त्याच सुमारास नागपूरकडचे एक वकिली शिकलेले गृहस्थ, जी. एन. जोशी, मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता गाऊ लागले आणि तिची ध्वनिमुद्रिका घरोघर वाजू लागली. त्या गाण्याला ना नायक होता, ना नायिका, ना पडदा. मेहकर आपल्या मराठवाड्याच्या शेजारचेच. म्हणजे आज ज्याला तरुण मंडळी 'इंडी' गाणे म्हणतात, चित्रपटाच्या कुबड्या न घेता स्वतःच्या पायांवर चालणारे ते गाणे, आपल्याकडे बोलपटाच्याच वयाचे आहे. आपण त्याला भावगीत म्हणत होतो, एवढाच फरक.

या दोन प्रकारच्या गाण्यांत भेद कोणता? चित्रपटातले गाणे एका प्रसंगासाठी बेतलेले असते. नायिका झोपाळ्यावर बसलेली असते, नायक गवताची काडी चावत उभा असतो, आणि पुढे कधीही ते गाणे ऐकले की झोपाळा आणि गवताची काडी डोळ्यांसमोर येतेच. स्वतंत्र गाण्याला असा चेहरा नसतो. तो ऐकणाऱ्याने द्यावयाचा असतो. कुणी त्यात आपली सासरी गेलेली लेक पाहतो, तर कुणी आपले धरणाखाली गेलेले शेत. गाण्यात एक मोकळी जागा असते आणि तेथे श्रोता आपली चटई टाकून बसतो. आजच्या व्याख्यानात आम्हांला सांगावयाचे आहे ते याच मोकळ्या जागेविषयी.

आता आमची आवड. सध्या आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो त्यांत पहिला क्रम 'गारवा' या संग्रहाचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो आला. शब्द 'सौमित्र' म्हणजे किशोर कदम यांचे, चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. त्याची रचना मोठी साधी आहे. कवी आधी नुसता बोलतो, मग गायक गातो. बोलणे आणि गाणे यांच्यामध्ये क्षणभर काहीच नसते, आणि त्या क्षणी ऐकणाऱ्याचा स्वतःचा पाऊस सुरू होतो. आपल्या भागात पाऊस ही चैनीची वस्तू नव्हे. मृग कोरडा गेला म्हणजे काय होते, हे येथे कुणाला समजावून सांगावयास नको. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या तरुणाला जे प्रेमगीत वाटते, ते आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला थोडेसे शेतीचेही गाणे वाटते. कवीने ते तसे लिहिले नसेल. मोकळी जागा असली म्हणजे असे होते.

दुसरा क्रम संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाचा. २००३ पासून या जोडीने एक पेटी आणि एक वही यांच्या बळावर नाट्यगृहे भरवून दाखविली. पोटापाण्यासाठी धावणारा बाप घरी उशिरा येतो आणि लेकराशी बोलू लागतो, एवढ्याच विषयावरचे त्यांचे एक गाणे ऐकताना धीट पुरुषांना आम्ही चष्मा पुसताना पाहिले आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांची 'गीतरामायणा'ची छप्पन्न गाणी आठवड्यामागून आठवडा येत होती, तेव्हा लोक रेडिओला हार घालून बसत असे सांगतात. तो भक्तिभाव आज नाही. पण चित्रपट नसतानाही माणसे गाण्यासाठी तिकीट काढतात, हे या दोघांनी पुन्हा सिद्ध केले.

तिसरे नाव वामनदादा कर्डकांचे. हे आजचे नव्हेत, असे कुणी म्हणेल. वामनदादा २००४ साली गेले. पण त्यांची भीमगीते आजही मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत एप्रिल महिन्यात ज्या जोमाने गायिली जातात, तो जोम कालच्या चित्रपटगीतालाही नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस गावोगाव फिरला. ना कंपनी, ना दलाल. स्वतंत्र गाण्याचा याहून मोठा दाखला आमच्यापाशी नाही. याच परंपरेतल्या शाहीर संभाजी भगतांचे गाणे पुढे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात आले. एक शाहीर आणि त्याच्यावर त्याच्या गाण्यापायी झालेला खटला, हीच त्या चित्रपटाची कथा. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तेथे गाणे चित्रपटाची चाकरी करीत नाही. चित्रपटच गाण्याच्या मागे मागे जातो.

आता दोन नव्या चवी. मुंबईच्या 'स्वदेशी' नावाच्या तरुणांच्या गटाने आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन एक गाणे केले. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेतली झाडे तोडली गेली, त्या वादाच्या काळातले हे गाणे. पाड्यावरचे जुने सूर आणि त्यांच्या मध्ये आजच्या पोरांची भरभर चालणारी मराठी. या प्रकाराला रॅप म्हणतात. वडील मंडळींनी घाबरून जाऊ नये. आपल्या पैठणच्या नाथांचे भारूड ज्यांनी ऐकले आहे, त्यांना तालावर बोलत बोलत लोकांच्या दोषांवर बोट ठेवणे हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. आणि २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघा तरुणांचे 'तांबडी चामडी' हे गाणे आले. अस्सल विलायती नाचाचा ठेका आणि त्यावर अस्सल मराठी शब्द. मराठीचा गंध नसलेली माणसे ते म्हणू लागली. काव्य म्हणून ते फार मोठे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपली भाषा नाचण्याच्या कामाची नाही, असा जो न्यूनगंड होता, तो या पोरांनी हसत हसत मोडला.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नुसत्या कौतुकावर गवयाची चूल पेटत नाही. पूर्वी गाणे तबकडीवर काढावयाचे तर कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागे. पुढे कॅसेट आली, आणि गावोगावचे शाहीर, कव्वाल, भजनी स्वस्तात घरोघर पोहोचले. आता मोबाइल आला. खर्च आणखी उतरला. पण गाणे फुकट पोहोचू लागले तसे ते निनावीही होऊ लागले. रीलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा लाखो लोक ऐकतात, आणि तो कुणी लिहिला, कुणी चाल लावली, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. २०१२ साली आपल्या संसदेने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली. गाणे चित्रपटासाठी दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर त्याचा वापर होईल तेव्हा मानधनाचा आपला वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला लिहून देऊन टाकता येऊ नये, अशी तजवीज तीत आहे. कायदा चांगला आहे. परंतु ज्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या दारी कायदा तरी कोठून पोहोचणार? म्हणून गाणे आवडले तर ते कुणाचे, हे विचारण्याची सवय आपण श्रोत्यांनीच लावून घेतली पाहिजे.

गाण्यावरून आता चित्रांकडे जाऊ. ही उडी वाटते तेवढी लांब नाही. आपल्या पैठणच्या रस्त्यानेच जाता येईल. आपल्याकडे चित्रकथी नावाचे लोक होते. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवावयाचे, त्यांची पोथी करावयाची, आणि एकेक चित्र लोकांपुढे धरून गात गात गोष्ट सांगावयाची. त्यांतली एक शैली 'पैठण' याच नावाने ओळखली जाते, आणि तिची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला आजतागायत टिकविली. तेथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलीपर्यंत मध्ये जो वेळ जाई, त्या वेळात काय घडले हे प्रेक्षक आपल्या मनात पाहत असत. चित्र कागदावर होते. चालणारी गोष्ट लोकांच्या डोक्यात होती.

आजची चित्रमालिका याच युक्तीवर उभी आहे. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडू नका. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली चित्रकथेच्या शास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. चित्रकथेची सारी जादू या कोऱ्या पट्टीतच आहे, असे त्याने त्यात दाखवून दिले. पहिल्या चौकटीत मुलाच्या हातात चेंडू आहे, दुसरीत शेजारच्या काकू हातात फुटकी कुंडी घेऊन उभ्या आहेत. चेंडू कुंडीवर आदळताना कुणीही काढलेला नाही. तो आपणच मारला! वाचकाला असा गुन्ह्यात भागीदार करून घेणारी दुसरी कला आम्हांला ठाऊक नाही.

मराठीत ही भागीदारी ज्याने घरोघर नेली, तो चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने तो १९९१ साली 'सकाळ'मध्ये आणला. रोज तीन-चार चौकटी. आई, पप्पा, जोशीकाकू, मिनी, पप्पू, बगळ्या. वर्षे गेली, वाचणारी मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, पण चिंटू तेवढाच राहिला. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला, आणि २०१३ साली 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा दुसरा.

चित्रमालिकेचा चित्रपट करावयाचा म्हणजे काय करावयाचे? तीन चौकटींच्या गोष्टीला दोन तास चालवावयाचे. कोऱ्या पट्ट्या भरून काढावयाच्या. ज्याचा आवाज प्रत्येक वाचकाने आपापल्या मनात ऐकला होता, त्याला एकच एक आवाज द्यावयाचा. ही अडचण दिग्दर्शकाच्या अकलेची नव्हे, माध्यमाचीच आहे. पहिल्या चित्रपटात मुलांच्या मैदानावर एक दांडगट इसम चायनीज पदार्थांची गाडी आणून लावतो, आणि ते मैदान परत मिळविण्यासाठी मुले खटपट करतात, अशी योजना आहे. या निवडीबद्दल आम्ही कथाकारांना पैकीच्या पैकी गुण देतो. राक्षस नाही, परग्रहावरचे सैन्य नाही. मुलांचे मैदान गेले, एवढेच. कुठल्याही वाढत्या गावातल्या मुलावर कोसळणारे हे खरे संकट आहे.

उणे काय ते सांगतो. चित्रमालिकेतल्या चिंटूला शत्रू नाही. जोशीकाकू रागावतात, पण त्या शत्रू नव्हेत. तेथे फारसे काही घडत नाही, आणि तेच गोड असते. चित्रपटाला मात्र कुणीतरी वाईट माणूस लागतोच. तो आला की त्याला हरविणे आले, टाळ्या आल्या, आणि रोजच्या संध्याकाळची ती आळसावलेली मजा थोडी मागे पडली. दुसऱ्या चित्रपटात तर खजिन्याच्या शोधात मंडळी अंगणापासून पार दूर गेली. मुलांना त्यात मौज वाटली असेल. आम्हांला मात्र खजिन्यापेक्षा अंगण अधिक मोलाचे वाटते, म्हणून आम्ही पहिल्या चित्रपटाच्या बाजूचे.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुस्तकातला, पण मुलांच्या मनात चिंटूच्याच बाकावर बसणारा. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर चित्रपट केला तेव्हा फेणेला मोठा करून टाकले. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण. ही धिटाई आम्हांला मानवली, कारण फेणेचे मर्म त्याच्या वयात नाही, पायांतल्या भिंगरीत आहे. चिंटूला असे मोठे केले असते तर काही उरले नसते. दुसरे उदाहरण दूरचे. मार्जान सतरापी या इराणी बाईंनी आपल्या बालपणावर 'पर्सेपोलिस' ही चित्रकथा लिहिली आणि २००७ साली विन्सेंट पारोनो यांना जोडीला घेऊन तिचा चित्रपट स्वतःच केला. हाडामांसाचे नट न घेता, काळ्या-पांढऱ्या रेषाच त्यांनी पडद्यावर हलविल्या. रेषेतली मुलगी कुणाचीही मुलगी होऊ शकते; नटीचा चेहरा आला की ती परक्या देशातली कुणी एक होऊन बसते. बाईंनी मोकळी जागा राखली.

आणि सुपरमॅन! त्याच्याशिवाय चित्रकथेच्या चित्रपटांची गोष्ट पुरी होत नाही. सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी तो निर्माण केला, आणि १९३८ साली अवघ्या एकशे तीस डॉलरांना त्याचे सारे हक्क कंपनीला देऊन टाकले. पुढे कंपनीने त्याच्यावर अमाप पैसा मिळविला आणि हे दोघे म्हातारपणी विवंचनेत राहिले. १९७८ च्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना बोभाटा झाला, तेव्हा कुठे १९७५ साली त्यांना वर्षासन मिळाले आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. आकाशात उडणाऱ्या वीराला आपल्या जनकांना वाचविता आले नाही. गाणे असो की चित्र, ज्याने केले त्याचे नाव पुसले जाणे हा या व्यवहारातला जुना रोग आहे.

श्रोतेहो, हे सारे बिडकीनला येऊन सांगण्याचे कारण काय? आपले गाव संभाजीनगर आणि पैठण यांच्या मध्ये, एका जुन्या रस्त्यावर. या रस्त्याने नाथषष्ठीच्या दिंड्या गात जातात. आणि आज याच गावाच्या नावाने सुमारे आठ हजार एकरांवर औद्योगिक नगरी उभी राहत आहे. कारखाने यावेत, पोरांना कामे मिळावीत. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. शहराच्या नकाशात रस्ते असतात, विजेचे खांब असतात, गटारेही असतात. आमचे मागणे एवढेच की चित्रकाराच्या त्या दुसऱ्या 'गटर'साठीही जागा असावी. दोन इमारतींच्या चौकटींमध्ये एखादी कोरी पट्टी राहावी, जेथे पोरे चेंडू मारतील आणि संध्याकाळी एखादा शाहीर डफ काढील. अशी जागा एकदा गेली की परत मिळत नाही. चिंटूला मैदान दोन तासांत मिळाले, कारण तो चित्रपटात होता.

दुसरे मागणे आपणांकडेच. या भागातल्या म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या अजून येतात, जुन्या माणसांना भारुडे येतात. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवून ठेवले. एका परदेशातून आलेल्या माणसाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना जे सुचले, ते खिशात मोबाइल बाळगणाऱ्या आपल्या नातवंडांना सुचविणे अवघड नाही. घरातल्या आजीची एक ओवी टिपा आणि खाली तिचे नाव लिहा. लाखो लोकांनी ऐकली नाही तरी चालेल.

आवडीनिवडी प्रत्येकाच्या वेगळ्या. आम्ही सांगितलेली गाणी आपणांला आवडतीलच असे नाही. चिंटूचा चित्रपट कुणाला आमच्यापेक्षा अधिक गोड वाटेल, कुणाला कमी. त्यावर वाद घालावयास आम्ही सभा संपल्यावर ओट्यावर बसलेलोच आहोत. पण गाणे ऐकताना आणि चित्र पाहताना आपला वाटा आपण सोडू नये, आणि करणाऱ्याचा वाटा त्याला द्यावा, एवढे जरी आज सोबत घेऊन आपण घरी गेलात, तरी ही संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.